ईश्वर आणि पुरावा : विज्ञानाच्या तराजूत नेमकं काय टाकता येतं?

अबोली

विषय जुना आहे, पण माझा प्रश्न जरा नेमका आहे. ‘विज्ञानाने ईश्वर सिद्ध होतो का’ असं मी विचारत नाही. सिद्धता गणितात असते, हे मान्य करूनच सुरुवात करते. मला विचारायचंय ते असं : एखाद्या वैज्ञानिक निरीक्षणामुळे ‘ईश्वर आहे’ या म्हणण्याचं पारडं थोडं तरी जड होऊ शकतं का? होत असेल तर किती, आणि ते मोजायचं कसं?

वाचनात चार मुद्दे पुन्हा पुन्हा येतात. भौतिकशास्त्रातले स्थिरांक (कणांचं वस्तुमान, बलांची ताकद असे निसर्गातले ठरलेले आकडे) जीवसृष्टीसाठी जुळवून ठेवल्यासारखे दिसतात. विश्वाला सुरुवात होती. प्रार्थनेवर रुग्णालयांत चाचण्या झाल्या आहेत. आणि असंख्य लोकांना आलेले अनुभव. कुणी म्हणतं, एवढा योगायोग शक्यच नाही. कुणी म्हणतं, विज्ञानाचा इथे संबंधच नाही. दोन्हींनी समाधान होत नाही. संबंध नाहीच म्हणायचं तर काहीही दिसलं तरी मत बदलायचं नाही असाच त्याचा अर्थ होतो, आणि ते मला पटत नाही.

आकडे आणि रीत यांच्यासह लिहिलंत तर फार उपयोग होईल. श्रद्धेची किंवा अश्रद्धेची टिंगल मात्र नको.

गणितप्रेमी

मोजण्याची रीत आधी सांगतो, कारण बहुतेक वाद तिथेच घसरतात.

एखादं निरीक्षण पुरावा ठरतं की नाही, हे दोन शक्यतांच्या गुणोत्तरावर ठरतं. ईश्वर असता तर हे निरीक्षण दिसण्याची शक्यता किती? नसता तर किती? पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १ पेक्षा मोठं आलं तर पारडं ईश्वराच्या बाजूला झुकतं, लहान आलं तर उलट बाजूला. बरोबर १ आलं तर ते निरीक्षण कितीही विस्मयकारक असो, या प्रश्नापुरतं त्याचं वजन शून्य. आधीच्या प्रमाणाला (निरीक्षणापूर्वी ‘ईश्वर आहे : नाही’ हे किती धरलं होतं त्याला) या गुणोत्तराने गुणलं की नवं प्रमाण मिळतं. बेजच्या सूत्राचा गाभा एवढाच.

उदाहरण घेऊ. कुणाच्या मते सुरुवातीचं प्रमाण १ : ४ आहे, म्हणजे २० टक्के. निरीक्षणाचं गुणोत्तर ३ आलं. नवं प्रमाण ३ : ४, म्हणजे सुमारे ४३ टक्के. दुसऱ्याचं सुरुवातीचं प्रमाण १ : ९९९ असेल तर त्याच पुराव्यानंतर तो ३ : ९९९ वर, म्हणजे ०.३ टक्क्यांवर पोचतो. दोघांनी पुरावा सारख्याच प्रामाणिकपणे वापरला, तरी एकाचं मत डळमळलं आणि दुसऱ्याचं जवळपास जागेवरच राहिलं. म्हणून ‘एवढा पुरावा दाखवूनही हा ऐकत नाही’ ही तक्रार पुष्कळदा अन्यायाची असते. वाद पुराव्याचा नसतो, आरंभबिंदूचा असतो.

आता चुका कुठे होतात ते पाहू.

सगळ्यात मोठी चूक शक्यता उलटी वाचण्याची. ‘ईश्वराविना हे घडण्याची शक्यता नगण्य’ यावरून ‘ईश्वर नसण्याची शक्यता नगण्य’ असं निघत नाही. हजारात एकाला होणारा आजार घ्या. चाचणी प्रत्येक रुग्णाला पकडते, पण ५ टक्के निरोगी लोकांनाही चुकून रुग्ण ठरवते. हजार जणांत एक खरा रुग्ण आणि सुमारे पन्नास खोटे निकाल. म्हणजे ‘आजार आहे’ असं ज्याला सांगितलं त्याला तो खरोखर असण्याची शक्यता जेमतेम २ टक्के. ‘चाचणी फक्त ५ टक्के चुकते’ हे वाक्य खरं असूनही!

दुसरी चूक एकच पुरावा तीनदा मोजण्याची. तीन स्वतंत्र साक्षींचं प्रत्येकी गुणोत्तर ३ असेल तर गुणाकार २७ होतो. पण तिन्ही साक्षी एकाच मूळ माणसाकडून आलेल्या असतील तर तो ३ च्या आसपासच राहतो.

तिसरी चूक मला सर्वांत गंभीर वाटते. ‘ईश्वर असता तर हे दिसण्याची शक्यता किती’ हा आकडा लोक निरीक्षण पाहून झाल्यावर ठरवतात. जे दिसलं तेच ईश्वराला हवं होतं, असं म्हटलं की शक्यता हवी तेवढी वाढवता येते. यावर उपाय एकच : ईश्वर म्हणजे काय आणि तो असता तर काय दिसावं, काय दिसू नये, हे आधी कागदावर लिहा. ज्याला हे लिहिता येत नाही, त्याला विज्ञानातून ना आधार मिळेल ना विरोध.

या रीतीने गंभीर काम करणारे श्रद्धावानही आहेत. तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न यांनी १९७९ साली ईश्वराच्या बाजूचा सगळा युक्तिवाद याच चौकटीत बसवला. त्यांचे आकडे पटले नाहीत तरी मांडणी शिकण्यासारखी आहे. सुव्यवस्थेसारखे अनुकूल मुद्दे आणि दुःखासारखे प्रतिकूल मुद्दे ते एकाच हिशेबात धरतात.

तारकापुंज

स्थिरांकांच्या मुद्द्यावर लिहिते. माझ्या मते चारांमध्ये हाच सर्वांत सशक्त आहे, आणि सर्वांत जास्त वाढवून सांगितला जातो तोही हाच.

सर्वांत स्वच्छ उदाहरण न्यूट्रॉनचं. न्यूट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनपेक्षा १.२९३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टने (अणूंच्या जगात ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) जास्त आहे, आणि इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ०.५११. हा फरक ०.५११ च्या खाली गेला असता तर प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन मिळून न्यूट्रॉन बनणं ऊर्जेच्या हिशेबात फायद्याचं ठरलं असतं आणि साधा हायड्रोजन टिकलाच नसता. म्हणजे मोकळी जागा आहे ०.७८२ ची, आणि तीही सुमारे ९३९ वस्तुमान असलेल्या कणांच्या बाबतीत.

कार्बनचं उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. ताऱ्यांत हीलियमची दोन केंद्रकं मिळून बेरिलियम-८ बनतं, पण ते सेकंदाच्या अब्जांशाच्याही अतिसूक्ष्म भागात फुटतं. तेवढ्यात तिसरं हीलियम येऊन कार्बन व्हायचा, तर कार्बनच्या केंद्रकात योग्य ऊर्जापातळी हवी. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी १९५३ मध्ये ती असलीच पाहिजे असं सांगितलं आणि प्रयोगात ती सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टवर सापडली. मात्र तेव्हा हॉईल जीवसृष्टीवरून तर्क करत नव्हते. ताऱ्यांत बनणाऱ्या कार्बनचा हिशेब त्यांना जुळवायचा होता. ‘जीवनासाठी’ हा अर्थ त्याला नंतर जोडला गेला.

ही पातळी किती सरकली तर चालेल, यावर १९८९ मध्ये गणितं झाली. ती ६० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टने वर सरकवली तरी कार्बनच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही. आता टक्केवारी कशी काढायची ते पाहा. ७.६५ दशलक्षांशी तुलना केली तर ही सवलत एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे फार काटेकोर वाटते. पण खरं महत्त्व आहे ती पातळी तीन हीलियम केंद्रकांच्या एकत्रित ऊर्जेच्या किती वर आहे याला, आणि ते अंतर सुमारे ३ लाख ८० हजार. त्याच्याशी तुलना केली तर सवलत १६ टक्के. आकडा तोच, भागायचं कशाने ते बदललं, आणि ‘चमत्कार’ बराच आटोक्यात आला. कुणी ‘इतक्या टक्क्यांनी बदललं असतं तर’ म्हणालं की आधी विचारा, टक्के कशाचे?

आणखी दोन अडचणी. बहुतेक दावे एकच स्थिरांक बदलून, बाकीचे जागेवर ठेवून केलेले असतात. २००६ मध्ये हार्निक, क्रिब्ज आणि पेरेझ यांनी क्षीण बल (निसर्गातल्या चार मूलभूत बलांपैकी एक) पूर्णपणे काढून टाकलं, बाकीच्या गोष्टी त्यानुसार जुळवल्या, आणि अशा विश्वातही दीर्घकाळ जळणारे तारे शक्य आहेत असं दाखवलं. दुसरी अडचण गणिती आहे. स्थिरांकाची किंमत शून्यापासून अनंतापर्यंत कुठेही असू शकते आणि सगळ्या किमती समसंभाव्य आहेत असं धरलं, तर कोणत्याही मर्यादित पट्ट्याची संभाव्यता शून्यच येते, पट्टा अरुंद असो की रुंद. मॅकग्रू दांपत्य आणि वेस्ट्रप यांनी २००१ मध्ये हा आक्षेप मांडला. त्यातले टिमथी आणि लिडिया मॅकग्रू स्वतः ख्रिस्ती श्रद्धेचे समर्थक आहेत, म्हणून त्यांच्या प्रामाणिकपणाचं मला विशेष वाटतं. यावर उत्तरं आहेत, पण प्रत्येकात किमतींच्या पल्ल्याला कुठेतरी मर्यादा घालावी लागते, आणि ती का घातली याचं समर्थन द्यावं लागतं.

विरोधकांचं नेहमीचं उत्तर असं : विश्व अनुकूल नसतं तर प्रश्न विचारायला आपण नसतोच. हा निवडीचा परिणाम खरा आहे. दुर्बिणीतून दूरचे फक्त तेजस्वी तारे दिसतात, म्हणून दूरचे सगळेच तारे तेजस्वी असं कुणी म्हणत नाही. पण हे उत्तर तेव्हाच पुरतं जेव्हा मंद तारेही खरोखर तिथे असतात. म्हणजे अनेक विश्वं हवीत, आणि ती कुणी पाहिलेली नाहीत. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये याच विचाराने, दीर्घिका बनायच्या तर विश्वस्थिरांक (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारा स्थिरांक) फार मोठा असू शकत नाही, अशी मर्यादा काढली होती. १९९८ मध्ये सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होऊन उजळणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून तो शून्य नसून लहान धन असल्याचं दिसलं. अनेक-विश्व कल्पनेच्या खात्यात ही एक बरी नोंद आहे, शिक्कामोर्तब नव्हे.

गणितप्रेमींच्या भाषेत माझा हिशेब असा : गुणोत्तर १ पेक्षा मोठं मानायला जागा आहे, पण त्यापुढे अब्जावधी लिहिणाऱ्याकडे तो आकडा काढायची रीत नाही. त्यात सर्वशक्तिमान ईश्वराला जीवसृष्टीसाठी अचूक स्थिरांकांची गरजच काय, हाही प्रश्न उरतो. प्रतिकूल नियमांच्या विश्वात जीव टिकलेले दिसले असते, तर तो पुरावा याहून कितीतरी भारी ठरला असता.

वेधशाळा

‘विश्वाला सुरुवात होती’ याबद्दल थोडक्यात. सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं, इतकं पक्कं. त्याआधी काहीच नव्हतं, हे मात्र मोजलेलं नाही. बोर्ड, गुथ आणि विलेंकिन यांचा २००३ चा सिद्धांत इथे नेहमी पुढे केला जातो. तो म्हणतो, ज्या विश्वाचा सरासरी प्रसरणवेग धन आहे, त्यातले कणांचे आणि प्रकाशाचे मार्ग भूतकाळात अमर्याद मागे नेता येत नाहीत. म्हणजे प्रसरणाचं वर्णन कुठेतरी संपतं आणि तिथे वेगळं भौतिक लागतं. ‘शून्यातून निर्मिती’ हे त्या सिद्धांताचं विधान नाही.

बिग बँगची मूळ कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वोत्पत्तीच्या विज्ञानात निर्मात्याचा दाखला पाहिला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून अलग आहे, ही त्यांची भूमिका होती. उद्या सिद्धांत बदलला तर त्यावर टेकवलेली श्रद्धाही पडेल, हा धोका उघड आहे.

चाचणीकार

प्रार्थनेच्या चाचण्यांत आकडे भरपूर आहेत, म्हणून त्यांवर जरा सविस्तर.

सर्वांत मोठी आणि काटेकोर चाचणी हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाची, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली. सहा रुग्णालयं, हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे १८०२ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी. पहिल्या गटातल्या ६०४ जणांसाठी प्रार्थना झाली, पण ती होईलच असं त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या गटातल्या ५९७ जणांसाठी झाली नाही, आणि त्यांनाही खात्रीने काही माहीत नव्हतं. तिसऱ्यातल्या ६०१ जणांना प्रार्थना होणार हे सांगितलेलं होतं. प्रार्थना शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सुरू होऊन १४ दिवस चालली. तीस दिवसांत गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ५२, ५१ आणि ५९ टक्के.

पहिल्या दोन आकड्यांत फरक नाही असं म्हणताना चाचणीची पकड किती होती तेही पाहावं. सुमारे सहाशेचे दोन गट आणि निम्म्यांना गुंतागुंत, अशा वेळी दोन गटांमधल्या फरकाची ९५ टक्के मर्यादा (निव्वळ योगायोगाचा फरक शंभरांतून ९५ वेळा जिच्या आत राहतो ती) साधारण ६ टक्क्यांची येते. म्हणजे प्रार्थनेने दोन-तीन टक्के फरक पडत असता तर तो या चाचणीला दिसलाच नसता. तिसऱ्या गटाचे ५९ टक्के त्या मर्यादेच्या जेमतेम बाहेर आहेत. ‘आपली प्रकृती एवढी वाईट आहे का’ या काळजीने असं झालं असावं, असा एक तर्क आहे. निव्वळ योगायोगही असू शकतो.

याआधीच्या चाचण्यांत अनुकूल निकाल आले होते. १९८८ मधली बर्ड यांची ३९३ रुग्णांची चाचणी लोक नेहमी सांगतात. तिथे पंचवीसहून अधिक गोष्टी मोजल्या आणि सहांमध्ये फरक सापडला. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस गोष्टी ५ टक्क्यांच्या निकषावर (खरा फरक नसतानाही ५ टक्के वेळा चुकून फरक दिसेल अशा) तपासल्या, तर निव्वळ योगायोगाने किमान एक ‘यशस्वी’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. त्यात या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. ज्याला एक गुंतागुंत टळली, त्याची औषधंही आपोआप कमी होतात. म्हणून सहाचे सहा वेगळे पुरावे धरता येत नाहीत. कोणती एक गोष्ट मोजणार, हे आधी जाहीर करणं हाच इलाज.

२००१ मध्ये लिओनार्ड लायबोविची यांनी डोळे उघडणारा प्रयोग छापला. रक्तात जंतुसंसर्ग झालेले ३३९३ रुग्ण १९९० ते १९९६ मध्ये उपचार घेऊन गेलेले होते. त्यांची यादृच्छिक विभागणी करून एका गटासाठी प्रार्थना करवली ती २००० साली, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. तरी त्या गटाचा ताप आणि रुग्णालयातला मुक्काम कमी निघाला, तोही सांख्यिकीच्या निकषात बसणारा. पद्धत निर्दोष दिसली तरी अविश्वसनीय निकाल स्वीकारायचा का, हा प्रश्नच त्यांना विचारायचा होता.

या चाचण्यांत दुरुस्त न होणारा दोषही आहे. नियंत्रण गटातल्या, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रार्थना ठरवलेली नव्हती अशा, रुग्णांसाठी त्यांचे नातेवाईक प्रार्थना करतातच, त्यांना कोण थांबवणार? म्हणजे तुलना ‘प्रार्थना विरुद्ध काहीच नाही’ अशी नसून ‘घरच्यांची प्रार्थना अधिक अनोळखी लोकांची प्रार्थना विरुद्ध फक्त घरच्यांची’ अशी आहे.

श्रद्धावान म्हणतात, ईश्वर काही औषध नव्हे, तो चाचणीला बांधलेला नाही. हे मला मान्य आहे. पण मग नियम दोन्हीकडे लावावा लागतो. निकाल शून्य आल्यावर श्रद्धेचं वजन अजिबात घटणार नसेल, तर निकाल अनुकूल आला असता तरी ते वाढायला नको होतं. हे गणितातूनच निघतं : एका निकालाने जे वाढतं, ते उलट निकालाने घटलंच पाहिजे, भले कमी-जास्त प्रमाणात.

हेत्वाभास

वरच्या दोन-तीन प्रतिसादांतले वाद न्यायदर्शनात (तर्काचा अभ्यास करणाऱ्या भारतीय परंपरेत) पूर्वीच फार बारकाईने झाले आहेत, म्हणून भर घालतो.

दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी हेतूंची, म्हणजे अनुमानाला आधार देणाऱ्या कारणांची, मालिका दिली : ‘कार्यायोजनधृत्यादेः…’ पहिला हेतू ‘कार्य’. अनुमान असे : पृथ्वी इत्यादींना कर्ता आहे, कारण ती कार्ये आहेत, घटाप्रमाणे. तपासायच्या जागा तीन.

पृथ्वी हे कार्य आहे कशावरून? नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) म्हणतात, ती सावयव आहे आणि जे अवयवांचे बनते ते निर्माण झालेले असते. पुढे व्याप्ती, म्हणजे ‘जिथे कार्य तिथे कर्ता’ हा अपवादहीन नियम. प्रत्येक कार्याला बुद्धिमान कर्ता असतो का? आपोआप उगवलेल्या गवताचे काय? यावर नैयायिकाचे उत्तर चलाख आहे : गवत वादाच्या पक्षातच (ज्यांच्याबद्दल वाद चालू आहे त्या वस्तूंतच) येते, म्हणून ते व्यभिचाराचे (नियम मोडल्याचे) उदाहरण म्हणून वापरता येणार नाही. शेवटी उपाधी, म्हणजे व्याप्तीमागे लपलेली अट. घटाचा कर्ता देहधारी असतो. मग व्याप्ती ‘देहधारी कर्त्याने केलेले’ एवढ्यापुरतीच तर नाही?

बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तींनी या अनुमानाचा मर्मभेद आधीच केला होता. घट मातीचा, वारूळही मातीचे. माती दिसली म्हणून वारुळामागे कुंभार शोधायचा का? ‘कार्य’ हा शब्द दोन्हीकडे सारखा आहे. ज्या जातीच्या कार्यामागे कर्ता पाहिला आहे, ती जात सारखी नाही. ‘विश्व यंत्रासारखे आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारावा.

सगळ्यात लक्षणीय भूमिका रामानुजाचार्यांची. ते ईश्वराचे परमभक्त, तरी ‘शास्त्रयोनित्वात्’ या ब्रह्मसूत्राच्या भाष्यात त्यांनी ईश्वराचे अनुमान खोडून काढले. जगाची सगळी कार्ये एकाच वेळी, एकाच कर्त्याने केली हे कशावरून? वेगवेगळ्या काळी वेगवेगळे कर्ते का नसावेत? अनुमान फार तर ‘कुणीतरी केले’ इथवर नेते. एक, सर्वज्ञ, करुणामय असा ईश्वर त्यातून मिळत नाही. त्याचे ज्ञान शास्त्रातूनच, असे त्यांचे म्हणणे. तारकापुंज यांनी मांडलेला सगळा युक्तिवाद पूर्ण यशस्वी धरला तरी तो ‘कुणीतरी जुळवले’ इथेच थांबतो, हे लक्षात यावे.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘टक्के कशाचे’ आणि ‘नियम दोन्हीकडे लावा’ हे दोन मुद्दे फार कामाचे आहेत. अनुभवांबद्दल कुणी लिहील का? मेंदूच्या तपासणीत ईश्वरानुभवाची जागा सापडली, म्हणून तो भ्रम, असं वाचलं होतं.

चाचणीकार

ते अनुमान चूक आहे. समोरचं झाड पाहतानाही मेंदूचा ठराविक भाग उत्तेजित होतो; त्यावरून झाड खोटं ठरत नाही, खरंही ठरत नाही. अनुभव मेंदूतून जातो एवढंच कळतं.

‘जागा सापडली’ या दाव्याचीही नीट फेरतपासणी झाली आहे. मायकेल पर्सिंजर यांनी कानशिलांवर क्षीण चुंबकीय क्षेत्र दिलं की ‘कुणीतरी जवळ आहे’ असं वाटतं म्हटलं होतं. २००५ मध्ये स्वीडनमधल्या ग्रँक्विस्ट यांच्या गटाने ८९ जणांवर दुहेरी अंध चाचणी केली, म्हणजे क्षेत्र चालू आहे की बंद हे प्रयोग करणाऱ्यालाही माहीत नव्हतं. क्षेत्राचा परिणाम दिसला नाही. अनुभव येणं-न येणं त्या व्यक्तीच्या सूचनाग्राही स्वभावाशी जुळलं.

अनुभवाला पुरावा म्हणून वजन द्यायचं तर त्यात अनुभवणाऱ्याला अन्यथा कळू शकली नसती अशी माहिती हवी. २०१४ मध्ये सॅम पार्निया यांच्या गटाने हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या बाबतीत नेमकं हेच करून पाहिलं. प्रश्न ईश्वराचा नव्हता, देहाबाहेरच्या जाणिवेचा होता, पण रीत उपयोगी आहे. छताजवळच्या फळ्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. २०६० घटना नोंदल्या, त्यातले ३३० रुग्ण वाचले, १४० जणांशी बोलता आलं. पण बहुतेक घटना जिथे फळ्या नव्हत्या तिथेच घडल्या, आणि फळीवरचं चित्र कुणीच सांगितलं नाही. त्यामुळे निकाल ‘नाही’ असाही लिहिता येत नाही.

गणितप्रेमी

एक सावधगिरी राहिली. अनुभवांची संख्या मोठी आहे म्हणून गुणोत्तरांचा गुणाकार करत सुटू नका. वेगवेगळ्या परंपरांतल्या लोकांना आपापल्या परंपरेतलंच रूप दिसतं. ‘काहीतरी आहे’ या व्यापक विधानाला त्या सगळ्या साक्षी मिळून थोडा आधार देतात. ‘अमुक रूपच खरं’ या विधानाच्या बाबतीत मात्र त्या एकमेकींच्या विरोधात जातात. हिशेबाला बसण्याआधी यांपैकी कोणतं विधान तपासतोय, ते वहीत वर लिहून ठेवा.